तारे देण्याआधी दोन ओळी लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलवर मराठी कथा वाचणारे किती वाढले आहेत, ते लोकलच्या कुठल्याही डब्यात डोकावले तरी कळते. वाचन कमी झाल्याची ओरड मला म्हणूनच पटत नाही. वाईट वाटते ते त्या कथांखालचे अभिप्राय बघून. ‘खूप छान.’ ‘मस्तच.’ ‘पुढचा भाग कधी?’ आणि सोबत दोन बदाम. पन्नास भागांची कादंबरी वाचून संपवणाऱ्या वाचकाकडे सांगण्यासारखे एवढेच असेल, हे मला खरे वाटत नाही.

तसे नसतेच, हे मी रोज ऐकते. आमच्या सकाळच्या लेडीज डब्यात धारावाहिक कथा वाचणाऱ्या कितीतरी जणी आहेत. मध्यंतरी एका कथेतल्या सुनेने दिराच्या धंद्यासाठी आपले सगळे दागिने काढून दिले, त्यावरून मुलुंडपासून दादरपर्यंत वाद रंगला. एकीचे म्हणणे होते, ‘‘ही बाई पहिल्या दहा भागांत भाजीच्या सुट्ट्या पैशांचाही हिशेब ठेवते. ती एका रात्रीत दागिने देईलच कशी? मधे काहीतरी घडायला हवं होतं.’’ किती नेमके बोलली! एखाद्या समीक्षकानेही याहून वेगळे काय सांगितले असते? पण दादर यायच्या आत तिने त्या भागाला पाच तारे दिले, ‘नेहमीप्रमाणे अप्रतिम’ असे टाइप केले आणि फोन पर्समध्ये टाकला. जिला हे कळायला हवे होते, त्या लेखिकेपर्यंत त्यातले अक्षरही पोचले नाही.

पूर्वी हे काम संपादक करत. आपल्याच मुंबईत, गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रे लिहीत, कथा कुठे कमी पडते ते कळवत, पुन्हा लिहायला लावत. ते मासिक १९८२ मध्ये बंद झाले. आज घरातली सगळी कामे आटोपून रात्री अकराला एखादी बाई मोबाइलवरच कथा लिहिते, बटण दाबते आणि पुढच्या मिनिटाला ती वाचकांसमोर असते. मला यात आनंदच आहे, कारण कुणाची परवानगी न मागता लिहिता येऊ लागल्यामुळेच कितीतरी बायका लिहित्या झाल्या. पण मधे संपादक उरला नाही. त्याचे काम थोडे तरी वाचकांनी उचलायला हवे, असे मला मनापासून वाटते.

ताऱ्यांचे म्हणाल तर गणित सरळ आहे. नव्या लेखकाच्या कथेला पाच जणांनी पाच-पाच तारे दिलेले असतात. सहावा येऊन एक तारा देऊन जातो आणि सरासरी ५ वरून थेट ४.३ वर येते. हजारो तारे मिळवलेल्या नामवंताला अशा एका ताऱ्याने काहीच फरक पडत नाही, नवख्याला मात्र फार पडतो. बरे, तो एक तारा कशासाठी असतो? पुढचा भाग चार दिवस उशिरा आला म्हणून. नायिका शेवटी मेली म्हणून. पुढचे भाग कुलूपबंद आहेत, पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत म्हणून. ॲपच्या नियमाबद्दल तक्रार असेल तर ती ॲपवाल्यांकडे करावी, त्यासाठी कथेचे तारे कापणे हा अन्याय आहे. दुःखी शेवट आपल्याला आवडला नाही, हे जरूर लिहावे. पण तो शेवट कथेत मुरलेला असेल, तर आपल्या डोळ्यांत पाणी आले म्हणून लेखकाला शिक्षा का?

उलट बाजूही तितकीच वाईट आहे. ‘मी तुमची कथा वाचली, आता तुम्ही माझी वाचा’ अशा देवाणघेवाणीतून पाच तारे वाटले जातात. कथा उघडलेलीही नसते. मग खरोखर जीव ओतून लिहिलेली कथा कोणती, हे नव्या वाचकाने ओळखायचे कसे? मी स्वतः शेवटपर्यंत ओढीने वाचलेल्या कथेला तीन तारे देते, मनात रेंगाळलेल्या कथेला चार, आणि पुन्हा वाचावीशी वाटली तरच पाच. तीन तारे म्हणजे अपमान, हा समज वाचक आणि लेखक दोघांनीही सोडायला हवा.

शुद्धलेखनाबद्दलही लिहिते. ‘आणी’, ‘कि’ अशा चुका दाखवाव्यात, पण शक्यतो खासगी संदेशातून. चारचौघांत खिल्ली उडवून नव्हे. आणि बोलीला अशुद्ध म्हणणे तर थांबायलाच हवे. मालवणी आजी ‘खंय गेल्लंस?’ असेच विचारणार. तिच्या तोंडी पुस्तकी मराठी घाला, असा सल्ला मी वाचला तेव्हा मला फार राग आला. वऱ्हाडी, आगरी, अहिराणी लिहिणाऱ्यांना हे वरचेवर ऐकावे लागते, आणि त्यातले काही जण मग आपली भाषा सोडून गुळगुळीत लिहू लागतात. यात नुकसान आपलेच आहे.

सगळ्यात संताप येतो तो लेखिकेच्या चारित्र्यावर घसरणाऱ्यांचा. प्रेमप्रसंग जरा मोकळेपणाने लिहिला की ‘तुमच्या घरी हेच चालतं का?’ असे विचारणारे हटकून असतात. पुरुष लेखकाला हा प्रश्न विचारलेला मी तरी पाहिला नाही. असा अभिप्राय दिसला की इतर वाचकांनी गप्प न बसता त्याची तक्रार नोंदवावी.

चांगला अभिप्राय लांबलचक असावा लागत नाही. ‘सातव्या भागात बाप दारात उभा राहतो आणि कुणीच त्याला आत ये म्हणत नाही, तिथे मी थांबले. पण त्याआधीच्या दोन भागांत तेच भांडण पुन्हा आलं, तिथे कंटाळा आला.’ लिहिणाऱ्याला एवढे पुरते. कुठे गुंतलो आणि कुठे सुटलो, हे त्याला आपल्याशिवाय कोण सांगणार? फक्त रहस्यकथा असेल तर खुनी कोण ते फोडू नये.

जाता जाता आपल्याकडे एक मागणी. आपल्या रविवारच्या पुरवणीत छापील पुस्तकांची परीक्षणे येतात, ती मी नेमाने वाचते. महिन्यातून एकदा त्याच पानावर मोबाइलवर प्रसिद्ध झालेल्या एखाद्या मराठी कादंबरीचे परीक्षणही द्यावे, आणि ते छापील पुस्तकाइतक्याच कसोशीने लिहिलेले असावे. आमच्या डब्यात ते नक्की वाचले जाईल.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई