झुंबरं दिसली, आराखडा दिसला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच प्रवासी जहाजाला आपण अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आभार. एरवी आपल्याकडे जहाज बुडाल्याशिवाय त्याला पेपरात जागा मिळत नाही. त्या पानात लालीकचे काचेचे दिवे आले, झां द्युपाची काचेवरची चित्रं आली, द्युनांचं लाखेचं काम आलं, पाहुण्या नटनट्या आल्या. ज्याने त्या जहाजाचा सांगाडा आखला, त्या व्लादिमीर युर्केविचचं नाव मात्र कुठेच नाही. चौकटीतली बारीक अक्षरंसुद्धा चष्मा पुसून वाचली. नाही म्हणजे नाही.

लेखिका म्हणतात, एका दालनातून दुसऱ्यात नजर थेट लांबवर जायची. खरं आहे. पण का जायची? बॉयलरचा धूर वर न्यायला नळकांडी लागतात आणि ती सहसा जहाजाच्या मधोमध उभी असतात, त्यामुळे दिवाणखाना त्यांना वळसा घालून बसवावा लागतो. ‘नॉर्मंडी’त ती दुभंगून दोन्ही अंगांनी वर नेली आणि मधली जागा मोकळी झाली. जर्मन ‘फाटरलांड’वर ही युक्ती आधी झाली होती, पण फ्रेंचांनी तिचं सोनं केलं. द्युपाला भिंती मिळाल्या त्या या नळकांड्यांनी अंग चोरलं म्हणून. तिसरं धुराडं तर निव्वळ शोभेचं होतं, त्याच्या बुडाशी श्रीमंतांच्या कुत्र्यांची सोय होती. कुत्र्यांना आपण चार ओळी दिल्यात हे मी मोजलं आहे.

युर्केविच झारच्या आरमारासाठी युद्धनौका आखायचा. क्रांतीनंतर देशोधडीला लागला आणि पॅरिसमध्ये रेनोच्या मोटार कारखान्यात नोकरीला राहिला. अशा माणसाची रेघ फ्रान्समधल्या सां-नाझेरच्या गोदीने उचलली, याचं मला दिव्यांपेक्षा जास्त कौतुक आहे. जहाजाच्या पुढच्या टोकाला बाकदार नाळ, पाण्याखाली फुगीर नाक. 1935 च्या मे महिन्यात निघालेल्या पहिल्याच फेरीत, सरासरी 30 नॉटच्या आसपास वेग ठेवून, जहाजाने अटलांटिक सर्वांत वेगाने ओलांडण्याचा मान, म्हणजे ‘निळी फीत’, जिंकली. इंग्रजांच्या ‘क्वीन मेरी’ने ती पुढे हिसकावली खरी, पण त्यासाठी अश्वशक्ती जास्त जाळावी लागली. आणि हो, पहिल्या फेरीत मागचा भाग इतका थरथरत होता की नंतर तीन पात्यांचे प्रोपेलर काढून चार पात्यांचे लावावे लागले. थरथर सोसली ती मागच्या बाजूच्या स्वस्त वर्गातल्यांनी. तेही आपल्या पानात नाही.

मी एवढा का चिडलोय, तेही सांगतो. माझी उमर एका गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. गोदीचं नाव घेत नाही, पेन्शन तिथूनच येते. एका मोठ्या जहाजाच्या जलावतरणाला गुळगुळीत कागदाची स्मरणिका निघाली. तिच्यात मंडपवाल्याचे आभार, केटररचे आभार, बँडवाल्यांचे आभार, नारळ फोडणाऱ्या बाईसाहेबांचा पानभर फोटो. ड्रॉइंग ऑफिसचा उल्लेख? एक ओळही नाही. आमचे चीफ ड्राफ्ट्समन, ज्यांनी त्या जहाजाच्या तोलाची सगळी गणितं स्वतः तपासली होती, त्यांना पास नाही म्हणून फाटकावर अडवलं. शेवटी ते आमच्याबरोबर प्लेट यार्डात उभे राहिले, क्रेनच्या आड. जहाज पाण्यात सरकलं, नीट तरंगलं, आणि त्यांनी घड्याळ पाहून ‘चला, टेबलावर काम पडलंय’ एवढंच म्हटलं. त्या स्मरणिकेच्या संपादकांची आठवण रविवारी झाली. राग मानू नये.

युर्केविचलाही असाच अनुभव आला, फक्त किंमत फार मोठी होती. 9 फेब्रुवारी 1942. न्यूयॉर्कच्या 88 नंबरच्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’चं सैन्यवाहू जहाज करणं चाललं होतं. मोठ्या दिवाणखान्यात लाइफ जॅकेटांचे ढीग पडले होते, त्यांवर गॅस कटिंगची ठिणगी पडली. बंबांनी ओतलेलं पाणी वरच्या डेकवर साचू लागलं आणि जहाज कलायला लागलं. युर्केविच तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होता. धावत येऊन त्याने सांगितलं, तळाचे झडपदार नळ उघडा, पाणी आत घ्या, इथे पाणी उथळ आहे, जहाज सरळ चिखलात बसेल. अमेरिकी नौदलाच्या अॅडमिरल अँड्र्यूजनी त्याचं ऐकलं नाही. मध्यरात्र उलटल्यावर जहाज कुशीवर आडवं झालं आणि पुढे ते भंगारात गेलं. द्युपाच्या काचा वाचल्या, कारण सजावटीचा बराच भाग आधीच उतरवून ठेवला होता. आज त्यातल्या काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहेत. त्यांचा फोटो आपण अर्धं पान छापलात. ज्याचं ऐकलं असतं तर कदाचित जहाजही वाचलं असतं, तो इथेही फाटकाबाहेरच.

मथळ्यात ‘फ्रेंच टायटॅनिक’ असंही म्हटलं आहे. ‘टायटॅनिक’ पहिल्याच फेरीत बुडालं, ‘नॉर्मंडी’ चार वर्षं थाटात ये-जा करत होतं आणि धक्क्याला बांधलेलं असताना गेलं. दोन्हींत साम्य एवढंच की दोन्ही पाण्यावर होती.

जाता जाता, त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात आडव्या शब्दांची सूत्रं पुन्हा गेल्या आठवड्याचीच छापली आहेत. फोन केला तर ‘ते खातं वेगळं’ असं उत्तर मिळालं. त्या खात्याचा नंबर तरी छापावा.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, डोंबिवली