सूचना : एसीच्या बाहेरच्या युनिटचा आवाज

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता एसी मेकॅनिक बी विंगपासून आउटडोअर युनिट तपासायला सुरुवात करतील. कृपया घरी कोणीतरी थांबा.

रात्री डक्टमध्ये घरघर घुमते, पहिल्या मजल्यावरच्या आजींना झोप लागत नाही. बहुतेक वेळा दोष कॉम्प्रेसरचा नसतो. ब्रॅकेटचे नट सैल होतात, रबर पॅड कडक होऊन चिरतात आणि थरथर थेट भिंतीत उतरते. परवा एका युनिटखाली पॅडऐवजी घडी घातलेला पुठ्ठा निघाला.

- नवीन पॅडचा खर्च ज्याचा त्याने करायचा.
- फिल्टर आधीच धुऊन ठेवा.
- ग्रिलबाहेर वाकून स्वतः नट आवळू नका, ही कळकळीची विनंती.

निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

– सचिव