रविवारच्या शहरफेरीबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या मित्रमंडळाची उन्हाळी कोल्हापूर शहरफेरी येत्या रविवारी होणार असून सर्वांनी सकाळी साडेसहा वाजता रंकाळा टॉवरजवळ जमावे. तळ्याकाठी फेरफटका आणि मिसळीचा नाश्ता आटोपून आपण साडेआठच्या आत अंबाबाईच्या दर्शनाला पोहोचणार आहोत. ही वेळ कृपया कोणीही चुकवू नये, कारण ऊन चढल्यावर आवारातील फरशी अनवाणी पायांना चटके देते आणि सोबतच्या ज्येष्ठांचे त्यात विनाकारण हाल होतात.

भर उन्हाची वेळ सावलीत जावी, म्हणून त्यानंतर न्यू पॅलेसमधील संग्रहालय ठेवले आहे. 1884 साली पूर्ण झालेली ही काळ्या दगडाची वास्तू आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीनंतर पुन्हा पाहिलेली नाही, त्यामुळे येथे घाई करायची नाही, असे ठरले आहे. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा. शाकाहारी सभासदांनी आधी कळवावे. चार वाजेपर्यंत विश्रांती.

सायंकाळी राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग कुस्ती मैदान पाहून गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊ. समोर म्हैस पिळून फेसाळता पेला हातात मिळतो, तो मुलांना अवश्य दाखवावा.

टोपी, पाण्याची बाटली आणि सुती कपडे आवश्यक आहेत. खर्च समान वाटून घेतला जाईल. येणाऱ्यांची नावे, घरच्या मंडळींसह, शुक्रवारी रात्रीपर्यंत गटावर द्यावीत, म्हणजे जेवणाची जागा वेळेत सांगून ठेवता येईल.