इंडियाना १०-० आहे, इकडेही बघा की

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या क्रीडा पानावर क्रिकेट सोडून बाकी काही दिसतच नाही, पण अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन फुटबॉल) यंदा (२०२४) काय चाललंय ते बघा जरा. इंडियाना विद्यापीठाची टीम, म्हणजे गेल्या सीझनला फक्त ३ मॅच जिंकून ९ हरलेली, ती आता १०-० आहे, म्हणजे दहाच्या दहा मॅच जिंकलेली! एका सीझनमध्ये १० विजय हे त्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून आला आणि येताना तिथले बरेच प्लेअरपण घेऊन आला, प्लेअरनी विद्यापीठ बदलायचे, म्हणजे ट्रान्सफरचे, नियम आता सैल झालेत ना, म्हणून हे जमलं. नेब्रास्काला ५६-७ असं धुतलं, त्याच मॅचमध्ये क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा प्लेअर) रूर्कचा अंगठा दुखावला, सर्जरी झाली, तरी तो एकच मॅच बाहेर बसला आणि तीही टीमने जिंकली. मिशिगनला मात्र २०-१५ असं जेमतेम हरवलं, तेव्हा माझा जीव टांगणीला होता, खोटं कशाला बोलू.

आता २३ नोव्हेंबरला मॅच आहे ओहायो स्टेट विद्यापीठाशी, तेही कोलंबसला त्यांच्या घरात. १९८८ नंतर इंडियानाने त्यांना एकदाही हरवलेलं नाही. लोक म्हणतात यांचं शेड्यूल सोपं होतं, आणि ते थोडं खरंपण आहे. पण बिग टेनच्या (या दोन्ही टीम ज्या लीगमध्ये खेळतात तिच्या) फायनलचं तिकीट याच मॅचवर अडकलंय आणि प्लेऑफ, म्हणजे सीझनच्या शेवटी देशाचा चॅम्पियन ठरवणारी बाद फेरी, यंदापासून १२ टीमची झालीय, त्यामुळे हरले तरी आशा राहील. मला विचाराल तर रूर्कला पासिंगला वेळ मिळाला तरच काही खरं, नाहीतर अवघड आहे. रविवारच्या अंकात निदान स्कोअर तरी छापा.

— एक जुना वाचक