सेटिंगची फाइल परत लिहिताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या प्रोग्रॅमिंगच्या सदराने रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या सेटिंगचा प्रश्न एका ओळीत उरकला आहे: यॅमल (सेटिंग साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत) फाइल वाचा, हॅशमधली (नाव आणि किंमत यांच्या जोड्यांमधली) किंमत बदला, ‘टू_यॅमल’ने त्याचा पुन्हा मजकूर करा आणि ‘फाइल.राइट’ने त्याच नावावर लिहा. मेमरीतला हॅश बदलला म्हणून डिस्कवरची फाइल बदलत नाही, हे नवख्यांना सांगायलाच हवं होतं. पण हीच ओळ उद्या चालत्या सर्व्हरवर जाऊन बसेल, म्हणून थोडी पुरवणी.

माणसाने हाताने लिहिलेल्या फाइलवर प्रोग्रॅमने परत लिहूच नये. रुबीचा यॅमल वाचणारा भाग, म्हणजे साइक, कमेंट (माणसांसाठी लिहिलेल्या टिपा) वाचतानाच टाकून देतो. त्यामुळे पहिल्या सेव्हनंतर ‘हा पोर्ट बदलू नका’सारख्या सगळ्या सूचना गायब. अवतरणचिन्हं न घालता मुंबईचा एसटीडी कोड ०२२ लिहिला असेल, तर साइक तो अष्टमान (आठाच्या पायावरच्या) पद्धतीचा आकडा समजतो आणि परत लिहिताना तिथे १८ येतात. कुणी त्या ओळीला हातही लावलेला नसतो!

सर्वांत महागात पडते ती ईआरबी, म्हणजे फाइलमधल्या टॅगमध्ये लिहिलेला रुबी कोड चालवून त्याचं उत्तर तिथे भरणारी सोय. रेल्स या रुबीच्या वेब फ्रेमवर्कच्या डेटाबेस फाइलमध्ये पासवर्ड बहुधा अशा टॅगने एन्व्हायर्नमेंटमधून (फाइलीबाहेर, सिस्टीमवर ठेवलेल्या किमतींमधून) येतो. ईआरबी चालवून तयार झालेला हॅश तसाच लिहिला, की टॅगच्या जागी खरा पासवर्ड उमटतो आणि पुढच्या कमिटबरोबर (बदलाच्या नोंदीबरोबर) गिटमध्ये, म्हणजे कोडचा सगळा इतिहास जपणाऱ्या साठ्यात, जातो. तिथून तो पुसून भागत नाही, बदलावाच लागतो.

म्हणून दोन फाइली ठेवाव्यात. मूळ फाइल फक्त वाचायची. प्रोग्रॅमने केलेले बदल दुसऱ्या छोट्या फाइलमध्ये लिहायचे आणि ती गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, टाकायची. प्रोग्रॅम सुरू होताना दुसरीतल्या किमती पहिलीवर चढवायच्या. इथे साधं ‘मर्ज’ पुरत नाही, ते आतला अख्खा हॅश बदलून टाकतं. आतल्या हॅशमध्येही जाऊन एकेक किंमत बदलणारं ‘डीप_मर्ज’ रेल्सच्या अ‍ॅक्टिव्ह सपोर्टमध्ये आहे. नुसत्या रुबीत चार-पाच ओळींत स्वतः लिहावं लागतं.

आता प्रत्यक्ष लिहिणं. लिहिण्याच्या ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडताक्षणी फाइल शून्य बाइटची होते. नेमका तेव्हाच प्रोसेस मेला तर हाती रिकामी फाइल. त्याऐवजी त्याच फोल्डरमध्ये टेम्पफाइल (तात्पुरती फाइल) करावी, लिहून ‘एफसिंक’ने मजकूर खरोखर डिस्कवर पोचवावा आणि ‘फाइल.रीनेम’ने मूळ नाव द्यावं. वाचणाऱ्याला जुनी फाइल दिसते किंवा नवी, अर्धवट कधीच नाही. टेम्पफाइल दुसऱ्या डिस्कवर असेल तर रीनेम एररच देतं, म्हणून फोल्डर तेच हवं. टेम्पफाइलची परवानगी ०६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, असते, तेव्हा रीनेमच्या आधी मूळ फाइलची परवानगी ‘चमॉड’ने तिला द्यावी, नाहीतर वेगळ्या युजरखाली चालणाऱ्या सर्व्हरला फाइल वाचता येत नाही. हे हमखास विसरलं जातं.

दोन प्रोसेस एकाच वेळी लिहिणार असतील, तर वेगळ्या लॉक फाइलवर ‘एफलॉक’ (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) घ्यावा आणि लॉक मिळाल्यावर सेटिंग पुन्हा वाचावी. आधी वाचून ठेवलेला हॅश लिहिला तर दुसऱ्याचा बदल पुसला जातो. एवढा खटाटोप नको असेल, तर रुबीतलं तयार यॅमल स्टोअर आहेच. त्याच्या ‘ट्रान्झॅक्शन’ ब्लॉकमध्ये बदल केला की लॉक, वाचणं, लिहिणं तोच सांभाळतो आणि मधे एक्सेप्शन आलं तर काहीच लिहीत नाही. रीनेमची खबरदारी मात्र त्यात आपोआप नसते, त्यासाठी ‘अल्ट्रा_सेफ’ ही सेटिंग ‘ट्रू’ करावी लागते.

फाइलमध्ये फक्त स्ट्रिंग, आकडे, खरं-खोटं, अ‍ॅरे आणि हॅश ठेवावेत. ओपनस्ट्रक्ट (हॅशसारखाच, पण वेगळ्या क्लासचा ऑब्जेक्ट) असेल तर आधी ‘टू_एच’ने त्याचा हॅश करून किल्ल्यांच्या (जोड्यांमधल्या नावांच्या) स्ट्रिंग कराव्यात. तो तसाच लिहिला तर फाइलमध्ये क्लासचं नाव जातं, आणि रुबी ३.१ पासून साधं ‘लोड’ अशी फाइल वाचायला नकार देतं.

कळावे,
एक रुबी प्रोग्रॅमर, पुणे