कर्जमुक्त क्लबलाच दंड?

स्पॅनिश फुटबॉल म्हटले की आपल्याकडे माद्रिद आणि बार्सिलोना एवढीच चर्चा होते. उत्तर स्पेनमधल्या बास्क डोंगरांतल्या एइबार गावच्या क्लबचा इतिहासही वाचकांपुढे यायला हवा. जेमतेम २७ हजार वस्तीचे हे गाव बंदुका, सायकली, शिलाई मशिनींच्या कारखान्यांचे. क्लब १९४० चा. २०१४ मध्ये तो प्रथमच ला लिगासाठी, म्हणजे स्पेनच्या अव्वल श्रेणीसाठी, पात्र ठरला. डोक्यावर कर्ज नाही, तरीही नियमाप्रमाणे भागभांडवल सुमारे १७ लाख युरोंनी वाढवा, नाहीतर थेट तिसऱ्या श्रेणीत जा, असे फर्मान निघाले! काटकसरीने चालणाऱ्या संस्थेवर हा उघड अन्याय होता. गावकऱ्यांनी आणि अनेक देशांतल्या चाहत्यांनी शेअर घेऊन रक्कम उभी केली. पहिल्याच सामन्यात एइबारने शेजारच्या रेआल सोसिएदादला १-० हरवले. त्या हंगामात संघ अठरावा, म्हणजे घसरणीच्या जागेवर आला. पण आर्थिक थकबाकीमुळे एल्चे या दुसऱ्या क्लबची पदावनती झाली आणि एइबार वाचला. पुढे २०२१ पर्यंत तो अव्वल श्रेणीत टिकला. क्रीडापानावर अशा क्लबांनाही नियमित जागा द्यावी, ही विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर