पायाचा डॉक्टर शोधायचा कुठे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या यजमानांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या जूनमध्ये त्यांचे डावे पाऊल घोट्यापर्यंत सुजले, लाल झाले आणि हाताला चांगलेच गरम लागू लागले. दुखणे मात्र जवळजवळ नव्हते, आणि दुखत नाही म्हणून ते रोज भाजीला, बँकेत, कधी ठाणे स्टेशनपर्यंतही चालतच राहिले. पहिल्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके दिली, दुसऱ्यांनी युरिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, आणि एक्स-रे काढला तर त्यात काही दिसले नाही. तिसऱ्या ठिकाणी केसपेपरच्या खिडकीवर “पायाचे डॉक्टर कधी असतात?” असे विचारल्यावर “हाडाचे हवेत की शुगरचे?” असा प्रतिप्रश्न आला. त्याचे उत्तर आम्हाला माहीत असते, तर दीड महिना आम्ही दारोदार फिरलो कशाला असतो?

अखेर ज्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे पोहोचलो, ते केवळ पाऊल आणि घोटा यांचेच काम करतात. त्यांनी यजमानांना आडवे करून पाय दोन उशांवर उंच ठेवायला सांगितला, आणि आठ-दहा मिनिटांत पायाची लाली बरीच ओसरली. जंतुसंसर्ग असता तर ती अशी सहसा ओसरत नाही, असे ते म्हणाले. मग कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरत तसल्या तापमापकाने दोन्ही पावले एकेका ठिकाणी मोजली, तेव्हा डावे पाऊल उजव्यापेक्षा तीन अंशांनी गरम भरले. शेवटी त्यांनी नायलॉनचा एक आखूड, ताठ धागा काढला, जो 10 ग्रॅमच्या दाबाला वाकतो. डोळे मिटून पडलेले यजमान “सुरू करा की डॉक्टर” म्हणाले, तेव्हा तो धागा तळव्याला चार जागी टेकवून झाला होता.

या विकाराला शार्को फूट म्हणतात. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की काहींच्या पावलातल्या हाडांना आतल्या आत चिरा जातात आणि सांधे सरकतात, पण माणसाला ते कळत नाही. तो चालत राहतो, तळव्याची कमान खचते, आणि खाली आलेल्या हाडावर पुढे जखम होते. तीच जखम चिघळून पाय कापण्यापर्यंत पाळी येऊ शकते. सुरुवातीच्या एक्स-रेत हे दिसेलच असे नसते. उपाय म्हणजे गुडघ्याखालपर्यंत पायाला बेतशीर बसणारे प्लास्टर, ते दर आठ-पंधरा दिवसांनी बदलणे, आणि पाऊल थंड होईपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, त्यावर भार न टाकणे. सुरुवातीला शस्त्रक्रिया बहुधा नाहीच. मी मात्र तिथे जाण्याआधी दागिने मोडायचा हिशेब करून बसले होते! सर्जन म्हणजे कापणारा, ही आपली समजूतच आपल्याला त्याच्या दारापासून लांब ठेवते. पायाच्या सर्जनकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारी सुरीविनाच मिटतात. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाचेत कळ येते, ते दुखणे बहुतेकांचे ताणाच्या व्यायामाने आणि योग्य चपलेने काही महिन्यांत बरे होते. वाकड्या पावलांनी जन्मलेल्या बाळाचे पायही पोन्सेटी पद्धतीने, दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ होतात, बहुधा टाचेची शीर सोडवण्यापुरता एक लहानसा छेद लागतो, आणि पुढे काही वर्षे रात्री पट्टीला जोडलेले बूट घालावे लागतात.

गोंधळाचे कारण आपल्या व्यवस्थेतही आहे. अमेरिकेत पावलाच्या डॉक्टरांची वेगळी महाविद्यालये आणि वेगळी पदवी असते. आपल्याकडे साधारणपणे एम.एस. किंवा डी.एन.बी. होऊन अस्थिरोगतज्ज्ञ झालेली व्यक्ती पुढे पाऊल व घोटा यांची फेलोशिप करते. पायाच्या अंगठ्याजवळ वाढलेले हाड, मोडलेला घोटा, सपाट तळवा, खचलेली कमान ही त्यांची कामे. पाऊल थंडगार पडते, बोट काळे पडू लागते, चालताना पोटरी भरून येते, तेव्हा आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनला गाठावे, कारण रक्तच पोहोचत नसेल तर जखम कोणाच्याच हाताने भरणार नाही. चिघळलेली जखम बहुधा जनरल सर्जन पाहतात, आणि ती झाकायला त्वचा लावायची असेल तर प्लास्टिक सर्जन. तेव्हा “पायाचा डॉक्टर” हा पुष्कळदा एकटा नसतोच. बोर्डावरच्या “फूट स्पेशालिस्ट” या अक्षरांवर मात्र विसंबू नये. संगणकावर तळव्याचे रंगीत चित्र दाखवून महागडी इनसोल, म्हणजे बुटात घालायची गादी, गळ्यात मारणारेही तसा बोर्ड लावतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतो, तो पाहावा, आणि आपल्यासारखे रुग्ण महिन्याला किती येतात, हेही न लाजता विचारावे. आमच्या डॉक्टरांना त्याचा राग आला नाही.

माझे म्हणणे एवढेच की ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या रुग्णालयांत, तसेच मोठ्या खासगी रुग्णालयांत, पावलाचे रुग्ण कोणत्या वारी, कोणत्या खोलीत आणि कोण तपासतात, हे केसपेपरच्या खिडकीशेजारी ठळक मराठीत लिहिलेले असावे. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षातून एकदा तरी प्रत्येकाचे मोजे उतरवून तळवे पाहावेत आणि तो धागा टेकवावा. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात आणि धागा काही महाग नसतो. आपल्या आरोग्य पुरवणीनेही हा विषय एकदा घ्यावा, ही विनंती.

आणि तपासणीला जाताना रोजच्या वापरातली जुनी चप्पल न्यावी. मी लाजेखातर यजमानांना नवी कोरी घालून नेले होते, तर डॉक्टरांनी जुनीच मागवली. तिचा तळ आतल्या बाजूने पार झिजून कागदासारखा झाला होता आणि त्यात एक टाचणी रुतलेली होती, जी यजमानांना कधी टोचलीच नव्हती.

आपली विश्वासू,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)